कंस काढून टाकण्याबाबत

४ फेब्रुवारी

वहिनी,

ऑफिसच्या ईमेलवर लिहिलं असतं तर तुमच्याआधी साहेबांनी वाचलं असतं. म्हणून मुद्दाम चांगला कागद काढून, हाताने लिहून घरच्या पत्त्यावर धाडतोय. अक्षराला हसू नका.

तुम्हीच मला या धंद्यात आणलंत. दादाशी लग्न होऊन तुम्ही घरात आलात तेव्हा मी नुसता उंडारत होतो, आणि तुम्ही मला समोर बसवून लिस्प ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवलीत. या भाषेत प्रत्येक हुकूम कंसात घालायचा, त्याच्या पोटात दुसरा हुकूम असला तर तो आणखी एका कंसात, आणि शेवटी सगळे कंस मिटत बसायचे. पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो की हा प्रोग्राम आहे की सोललेला कांदा. तुम्ही म्हणालात, थोडं रडा, मग सवय होईल. सवय झाली खरी, पण कंस मला कधी आवडले नाहीत.

आता मी ते काढून टाकलेत. हे बघा, आपल्या काचेच्या भट्टीचा जुना हुकूम:

(जेव्हा (थंड भट्टी)
    (उघड झाकण)
    (वाजव घंटा))

आणि हा माझ्या नव्या पद्धतीतला:

जेव्हा थंड भट्टी
    उघड झाकण
    वाजव घंटा

जी ओळ समासापासून आत सरकली, ती वरच्या ओळीच्या पोटातली. बस्स. कंस मोजायला नकोत, शेवटी मिटायला नकोत. मनुष्य वाचतो तसंच यंत्रही वाचणार. बऱ्याच लोकांना ते बारीक कंस वाचायला त्रास होतो, त्यांची सोय होईल. साहेबांना दाखवलं, एकदम खूश झाले. कारखान्यातल्या लहान भट्टीवर आधी लावून बघू म्हणाले, आणि चाललं तर सगळीकडे हेच.

तुम्हाला सगळ्यात आधी कळावं अशी माझी इच्छा होती. काय वाटतं ते कळवा.

तुमचा धाकटा दीर


११ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र पोचलं. पुढच्या वेळी हाताने लिहू नका. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, ती कोणी वाचायची? माझ्या घरच्या ईमेलवर टाईप करून पाठवा, आणि नमुना दाखवायचा असेल तर त्याचं चित्र नको, साधा मजकूर हवा.

साहेबांना आधी दाखवलंत, त्यांनी होकार दिला, भट्टीसुद्धा ठरली, आणि मला "सगळ्यात आधी कळावं" म्हणता. हे "आधी" कुठल्या पंचांगातलं?

दुसरं. "बऱ्याच लोकांना त्रास होतो" असं लिहिलंय. हे लोक कोण? आपल्या दोन्ही ऑफिसांत मिळून ही भाषा लिहिणारी माणसं किती, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्यातलं कोण तुमच्याकडे रडत आलं होतं त्याचं नाव कळवा. नसेल सांगायचं तर का नाही, ते कळवा.

कंस मला चालतात. इतकी वर्षं त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. जे चाललंय ते मोडून नवं उभं करायची हौस तुम्हाला लहानपणापासून आहे, असं सासूबाई सांगायच्या.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

टाईप करतोय, चित्र नाही, साधा मजकूर. तुमच्या हुकमाप्रमाणे.

पण एक विचारू का? माझं अक्षर तुम्ही इतकी वर्षं वाचत आलात. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्यात. आताच ते मुंग्यांची वरात कसं झालं? खरं सांगायचं तर मला वाटलं, तुम्हाला माझं लिहिलेलं सगळं मजकुरात हवंय, म्हणजे उद्या साहेबांपुढे ठेवता येईल. तसं असेल तर ठेवा. मी काही लपवत नाहीये.

नाव विचारलंत. नाव सांगता येत नाही. मी शब्द दिलाय.

आणि हौसेचं म्हणाल तर, परवा मी ती पद्धत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवली. तुमच्या ऑफिसातले सगळे कॅमेऱ्यासमोर बसले होते, एक तुमची खुर्ची रिकामी. डोकं दुखतंय असा निरोप आला. मागच्या खेपेलाही डोकंच दुखत होतं. लोक बोलतात, वहिनी. म्हणतात की वहिनी हल्ली दिवसभर कानात बोंडं घालून बसतात, कोणी जवळ आलं की स्क्रीन काळी करतात. साहेबांनी मला हसत हसत विचारलं, "तुमच्या वहिनी गाणी ऐकत काम करतात का?" मी काय सांगू?

तुमचा दीर


२० फेब्रुवारी

भाऊजी,

साहेबांना सांगा, हो, ऐकते. कामात चूक निघाली तर बोंडं काढून त्यांच्या टेबलावर ठेवीन.

तुमच्या पद्धतीबद्दल आता सरळच लिहिते, म्हणजे मागाहून वहिनीने पोटात ठेवलं असं व्हायला नको. कंस म्हणजे काहीतरी असतं. इथे सुरू झालं, इथे संपलं, असं तो ठणकावून सांगतो. तुमची ती मोकळी जागा म्हणजे काहीच नसणं. आणि त्या काहीच नसण्यावर तुम्ही लालबुंद काचेची भट्टी चालवणार? एखादी जागा कमी पडली, जास्त झाली, कोणाला कळणार? कंस विसरला तर यंत्र ओरडतं तरी. तुमची पद्धत चूक झाली तरी गोड हसत पुढे जाईल.

आता मला एक सांगा. तुमच्या दादांशी तुमचं काय बोलणं झालं? गेल्या महिन्यात तुमचा फोन आला की हे रंगाच्या दुकानातून बाहेर फुटपाथवर जाऊन बोलायचे. घरी आलात की "भाऊला घेऊन जरा फिरून येतो" म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांनी पायी फिरायचं कधी नाव काढलं नव्हतं. मी त्यांना विचारलं तर म्हणतात, तसं काही नाही. "तसं काही नाही" म्हणजे नक्की काहीतरी आहे, एवढं मला या लग्नाने शिकवलंय.

मला बाजूला काढायचं असेल तर तोंडावर सांगा. माझ्याच हाताखाली शिकलात, तेवढं तरी माझं ऐका.

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

बाजूला काढायचं? मी? तुम्ही लिहिलेलं वाचून मला जेवण गेलं नाही.

दादा माझा भाऊ आहे, फुटपाथवर बोलेन नाहीतर गच्चीवर. त्याने काय सांगितलं ते त्याला विचारा. मी शब्द दिलाय हे आधीच लिहिलंय.

तुमचं ते "काहीच नसणं" वाचून हसू आलं. आपण सगळे कंस नजरेने वाचतच नाही हो, ओळ किती आत आहे तेच बघतो. तुम्हीसुद्धा. मीही इतकी वर्षं तेच करत आलो. मग जे कोणी बघत नाही ते ठेवायचंच कशाला?

असो. आता तुमच्या-माझ्या हातात राहिलेलं नाही. साहेबांनी ठरवलंय की लहान भट्टीचा प्रोग्राम नव्या पद्धतीत जाणार आणि प्रत्येक अनुभवी माणसाने त्यात एकेक तुकडा लिहायचा, म्हणजे कोणी मागाहून बोलायला नको. तुमच्या वाट्याला पंख्याचा हुकूम आलाय. भट्टी थंड झाली की झाकण उघडतं, घंटा वाजते, त्याच्या खाली तुम्ही पंखा लावायची ओळ घालायची. एकच ओळ. फाईल तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. तुम्ही ती झोपेतसुद्धा लिहाल.

दीर


१४ मार्च

वहिनी,

तुमच्यापर्यंत बातमी पोचली असेलच, तरी माझ्याकडून ऐका.

काल लहान भट्टीत बरण्यांचा अख्खा घाणा फुटला. आत काच अजून लाल होती आणि पंखा सुरू झाला. भट्टीचे मुकादम शेजारी उभे होते. म्हणाले, आत कोणीतरी टाळ्या वाजवत असल्यासारखा आवाज आला आणि मग सगळं शांत. झाकण मिटलेलं होतं म्हणून वाचले, नाहीतर त्यांच्या तोंडावर आलं असतं.  मी त्यांना पाणी दिलं तर ते अंगावर सांडलं.

मी फाईल उघडली. पंख्याची ओळ समासाला चिकटलेली. आत नाही, झाकणाच्या रेषेत नाही, सरळ समासाला. म्हणजे भट्टी थंड असो नाहीतर पेटलेली, पंखा लागणारच. शाळेतल्या पोरालाही दिसेल अशी चूक. आणि फाईलवर नाव तुमचं.

वहिनी, मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही अशी चूक करत नाही. कधीच केली नाही. म्हणून मला विचारावं लागतंय. हे मुद्दाम केलंत का? माझी पद्धत वाईट आहे हे दाखवायला? "चूक झाली तरी गोड हसत पुढे जाईल" असं तुम्हीच लिहिलं होतं. तुम्हाला इतकं आधी कसं माहीत?

मुकादमांना बायको-मुलं आहेत. एवढंच सांगतो.

दीर


१६ मार्च

भाऊजी,

मुकादमांना मी फोन केला होता. तुम्ही पत्र लिहायच्या आधी. त्यांना मी काय म्हणाले ते त्यांचं आणि माझं.

मुद्दाम केलं असा आरोप तुम्ही मला लेखी पाठवलात. बरं झालं. आता माझाही घ्या. तुम्हाला माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे. ते माहीत असूनही, किंवा माहीत होतं म्हणूनच, नेमका पंख्याचा हुकूम मला दिलात. "एकच ओळ, झोपेतसुद्धा लिहाल." इतकं गोड तुम्ही मला कधी लिहीत नाही. मी पडणार हे ठाऊक असलेल्या जागी तुम्ही मला उभं केलंत. साहेबांना माझी चूक हवी होती, ती तुम्ही मिळवून दिलीत, आणि वर इथल्या मोठ्या ऑफिसातली माझी खुर्ची तुम्हाला मिळेल.

ती ओळ मी घंटेच्या ओळीखाली लिहिली. मला ती बरोबर वाटली. तपासली, पुन्हा तपासली, बरोबरच वाटली. याहून जास्त मी तुम्हाला काही सांगणार नाही.

ह्यांना समोर बसवून विचारलं, तुम्ही भाऊला काय सांगितलंत. हे चहाच्या कपात बघत बसले. तेव्हापासून आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही. दुकानातून येतात, जेवतात, झोपतात. तुमची पद्धत आमच्या घरातही लागू झाली म्हणायची, नुसत्या मोकळ्या जागा.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

शब्द मोडतोय. दादाची माफी मागाहून मागेन.

तुमच्या दिवाणखान्याचा रंग काढायला मी आलो होतो तेव्हा दादा मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "तिला ते कंस आता नीट दिसत नाहीत रे. कोणाला बोलू नकोस, तिला कळलं तर मला घरात घेणार नाही." एवढंच. किती दिसत नाहीत, का, डॉक्टर काय म्हणाले, काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, जास्त विचारू नकोस, मी वचन दिलंय.

मला वाटलं, चाळिशी आली असेल, बारीक कंस एकमेकांत मिसळत असतील. मग मी बसलो. घरी, सुट्टीच्या दिवशी, कोणाला न सांगता. म्हटलं, कंसच नकोत. मोठ्या मोकळ्या जागा ठेवू, लांबूनही दिसतील अशा. ते "बरेच लोक" म्हणजे तुम्ही होतात, वहिनी. एकट्या तुम्ही. हे सगळं तुमच्यासाठी केलं होतं. साहेबांना दाखवलं तेही एवढ्यासाठी की सगळ्यांनी वापरलं तर तुमच्या एकटीकडे कोणाची नजर जायला नको.

आणि मग तुम्ही त्यावरच तुटून पडलात, तेव्हा मला वाटलं की दिराने काहीतरी नवं केलं हे तुम्हाला सोसवत नाहीये. तुमच्या मागे मी हे मनात आणलं, त्याची लाज वाटते.

आता काळजी करू नका. काल साहेबांनी चौकशी लावली तेव्हा मी सांगून टाकलं की फाईल तुमच्याकडून आल्यावर मी ती हलवली आणि तेव्हा पंख्याची ओळ माझ्या हातून सरकली. त्यांनी मला भरपूर सुनावलं. ऐकून घेतलं. तुमचं नाव निघालं नाही, निघणारही नाही.

तुमचा दीर


२२ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यावर मी दार लावून बसले. आधी रडले. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही. दोन्ही सांगते.

चाळिशी नाही. डोळ्यांच्या मागचा पडदा झिजत चाललाय. जिकडे बघावं तिथेच मधोमध धुरकट डाग, आणि कडेकडेचं दिसतं. म्हणून मी रस्त्याने चालते, जिना चढते, चहा सांडत नाही, आणि कोणाला कळत नाही. पण अक्षर, चेहरा, स्क्रीन, हे सगळं त्या डागात गेलं. तुमचं हाताने लिहिलेलं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज का चाचरत होता ते आज कळलं.

काम मी कानाने करते. ती बोंडं गाण्यांची नाहीत. यंत्र मला प्रत्येक ओळ वाचून दाखवतं, इतक्या भरभर की दुसऱ्या कोणाला ती किरकिर वाटेल. उघडत्या कंसाला मी एक आवाज लावून घेतलाय, मिटत्या कंसाला दुसरा, ठक आणि टप. ठक झालं की एका खोलीत शिरले, टप झालं की बाहेर आले. शेवटी टप टप टप ऐकलं की किती दारं ओलांडून ओसरीवर आले ते अचूक कळतं. तुम्ही सगळ्यांनी ज्यांचा कंटाळा केलात, ते कंस सोडून मला धरायला काही उरलेलं नाही.

आणि तुम्ही ते काढून त्यांच्या जागी काय ठेवलंत? मोकळी जागा. तिला आवाज नसतो, भाऊजी. यंत्राला सांगून त्या जागा मोजायला लावता येतात, तेही करून पाहिलं. "चार जागा, आठ जागा" ऐकता ऐकता ओळीत काय होतं तेच विसरायला होतं. पंख्याची ओळ माझ्या यंत्राने समासाला चिकटवली, आणि मी ती ऐकली तेव्हा ती अगदी हवी तशीच ऐकू आली. कान देऊन पुन्हा ऐकली. तशीच. मुकादमांना मी फोनवर हेच सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी मला विचारा, मी बघून सांगेन." असं साधं कोणी बोलेल हे मला सुचलंच नव्हतं.

आता राग. तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत. कोणाला विचारून? घाणा माझ्या ओळीने फुटला. मुकादम माझ्या ओळीने भाजले असते. चूक माझी म्हटली तर मी अजून कामावर आहे. ती तुम्ही पदराखाली घेतलीत तर मी घरातली म्हातारी, जिच्यासाठी सगळे हळू आवाजात बोलतात. मी एवढे महिने सगळं लपवलं ते नेमकं याच भीतीने. तुम्ही आणि तुमचे दादा, दोघांनी मिळून मायेने तेच माझ्या दारात आणून ठेवलंत.

म्हणून काल साहेबांकडे गेले. ह्यांना बरोबर घेतलं नाही. म्हटलं, ओळ माझी, दीर खोटं बोलला, आणि मला दिसत नाही. ते उठून उभे राहिले, बसा बसा म्हणायला लागले, मी बसलेलीच होते. मग त्यांच्या कानात माझी बोंडं घातली आणि जुनी फाईल ऐकवली. त्यांना अक्षर कळलं नाही, पण विचारलं, "हे ठक आणि टप काय आहे?" म्हटलं, तेच, जे तुम्ही काढायला निघालात.

 येत्या गुरुवारी मीटिंग आहे. प्रोग्राम कोणत्या पद्धतीने लिहायचे ते तिथे कायमचं ठरणार. तुमची पद्धत लागली तर मला काम करता येणार नाही, हे त्यांनाही कळलंय, मलाही. तुम्ही तुमची बाजू मांडणार, मी माझी.

आणि ऐका. तुम्ही आता मनातल्या मनात ठरवत असाल की मागे हटावं, पद्धत काढून घ्यावी, बिचारी वहिनी. गुरुवारी माझ्या बाजूने बोललात तर याद राखा. तोंड बघणार नाही म्हणायची सोय राहिली नाही, पण घरात पाय ठेवू देणार नाही.

वहिनी


२९ मार्च

भाऊजी,

कालची मीटिंग संपल्यावर तुम्ही न बोलता निघून गेलात. मला न्यायला आलेल्या ह्यांनी जेवायला थांबा म्हटलं तर थांबला नाहीत. म्हणून लिहिते.

बोललात छान. खोटं नाही सांगत. कंसांमुळे नवी माणसं कशी पळून जातात ते बोललात, आणि ते खरं आहे. साहेबांचा आवाज तुमच्या बाजूला झुकलेला मला ऐकू येत होता. 

मग मी तुम्हाला म्हटलं, ही फाईल मुकादमांच्या फोनवर धाडा, ते भट्टीशेजारी उभे राहून फोनवरच बघतात. तुम्ही धाडलीत. मुकादमांनी फोन टेबलावर ठेवला, आणि सगळे वाकून बघायला लागले. फोनने सगळ्या मोकळ्या जागा गिळल्या होत्या. प्रत्येक ओळ समासाला चिकटलेली. झाकण, घंटा, पंखा, कोण कोणाच्या पोटात, काही पत्ता नाही. मुकादम म्हणाले, "साहेब, हे मला डोळे असून दिसत नाहीये." तिथे मीटिंग संपली. फाईलमध्ये कंस राहणार. ज्याला स्क्रीनवर ते नको असतील त्याने तुमची पद्धत चष्म्यासारखी लावून बघावी. माझी खुर्ची माझ्याकडे राहिली.

जिंकले, पण झोप आली नाही. एकच प्रश्न डोक्यात. तुम्ही इतकी वर्षं हे काम करता. फोनवर मजकूर पाठवला की सुरुवातीच्या जागा उडतात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्हाला? मी "धाडा" म्हटल्यावर एक क्षणही न थांबता धाडलीत. एवढ्या सरळपणे कोणी खड्ड्यात उडी घेतं का?

खरं सांगा. मुद्दाम हरलात का? दया केली असेल तर मला ते कळायला हवं. कळलं नाही तर मी त्या खुर्चीवर कधी नीट बसू शकणार नाही.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

काय लिहून देऊ, सांगा. मी गाढव आहे असं लिहून देऊ? कोऱ्या कागदावर सही करून देऊ?

नव्हतं ठाऊक. कधी फोनवर फाईल पाठवलीच नव्हती. मी दिवसभर मोठ्या स्क्रीनसमोर बसणारा माणूस, भट्टीशेजारी उभं राहून बारक्या फोनवर कोणी प्रोग्राम वाचत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या आलं. तुम्ही म्हणालात धाडा, मला वाटलं, वा, आता मुकादमही म्हणतील की किती स्वच्छ दिसतंय. मनात लाडू फुटत होते. म्हणून एक क्षणही थांबलो नाही. दादाला विचारा, मीटिंगच्या आदल्या दिवशी मी त्याच्या दुकानात रंगाच्या डब्यांपुढे उभं राहून अख्खं भाषण म्हणून दाखवलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, ती हरेल रे." मी म्हणालो, "तिनेच सांगितलंय." त्याचे डोळे भरून आले. मी तरी भाषण पूर्ण केलं.

मला जिंकायचं होतं. तुम्ही घरी बसला असतात तर माझं आयुष्यभर तोंड कडू राहिलं असतं, आणि तरी मला जिंकायचं होतं. मुद्दाम हरायला आधी जिंकता यायला हवं, तेवढी अक्कल कुठून आणू?

आणि जेवायला थांबलो नाही, कारण राग आला होता. तुमचा. फोनची युक्ती तुम्ही आधीपासून तयार ठेवली होती, मला शेवटपर्यंत बोलू दिलंत, घाम येईपर्यंत, आणि मग सगळ्यांसमोर माझ्याच हाताने माझं नाक कापलंत. काल रात्री आठवून आठवून चिडलो. सकाळी उठलो तरी चिडलेलोच होतो. आता हे लिहिताना बटणं आपटतोय. तुमच्याशी निदान आठवडाभर बोलणार नाही, आणि दादाकडून निरोप पाठवू नका, त्याच्याशीही बोलणार नाही.

तुम्हाला दया नको होती ना, वहिनी? शोधा या पत्रात, सापडते का.

दीर